गाडी तीच, हात वेगळा

मोनॅकोत फॉर्म्युला वनची शर्यत रविवारी दुपारी सुटते. तिच्या आधी, प्रेक्षक अजून आपापल्या जागा शोधत असताना, त्याच ३.३३७ किलोमीटरच्या रस्त्यांवर अर्ध्या तासाची आणखी एक शर्यत होऊन गेलेली असते. तिच्यातली प्रत्येक गाडी पोर्शे ९११ असते. सगळ्या एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच ताकदीच्या, एकाच कंपनीच्या टायरवर धावणाऱ्या. रंग तेवढे निराळे. या मालिकेचं नाव पोर्शे सुपरकप. १९९३ पासून ती फॉर्म्युला वनच्या युरोपातल्या शर्यतींना जोडून भरते आहे. दुपारच्या गदारोळात सकाळच्या विजेत्याचं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. माझं मत असं, की त्या दिवशी गाडी चालवण्याची कला पाहायची असेल तर ती सकाळीच पाहावी.

फॉर्म्युला वनमध्ये कुणी जिंकलं की एक शंका मागे उरतेच : यात गाडीचा वाटा किती आणि माणसाचा किती? शेकडो अभियंते, वाऱ्याचे बोगदे आणि प्रचंड पैसा यांच्या ढिगाखाली चालकाचा हात दबून जातो. एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यत हा ढीग बाजूला सारते. मल्लखांबाचा खांब सगळ्यांना सारखाच. तो कुणासाठी वाकत नाही, कुणाला झुकतं माप देत नाही, म्हणूनच त्याच्यावर चढलेल्या शरीराची लय आणि त्याची चूक लख्ख दिसते. इथेही तसंच. गाडी सारखी झाली की फरक नाहीसा होत नाही. तो एकाच जागी गोळा होतो आणि नजरेला सापडतो.

याचा एक जुना आणि सुंदर दाखला आहे. १२ मे १९८४ रोजी जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या नव्या ट्रॅकचं उद्‌घाटन झालं, तेव्हा मर्सिडीजने आपल्या १९० ई या सेडान गाड्या जगातल्या नामवंत चालकांच्या हाती दिल्या. जॅक ब्रॅबहॅम, फिल हिल, जॉन सर्टीझ, डेनी हल्म, जेम्स हंट, निकी लाउडा असे नऊ विश्वविजेते त्यात होते. शिवाय स्टर्लिंग मॉस आणि अलॅं प्रोस्ट. ट्रॅक ओला होता. जिंकला तो टोलमन या छोट्या संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये नुकताच उतरलेला, चोवीस वर्षांचा आयर्टन सेना. लाउडा दुसरा आला. मोसमाच्या गुणतक्त्यावरून सेनाचं मोल त्या दिवशी कुणाला सांगता आलं नसतं; रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाडीने ते सांगितलं.

पण ती एका दिवसाची गोष्ट. मालिका म्हणून या कल्पनेला झळाळी दिली ती बीएमडब्ल्यूच्या प्रोकारने, आणि तीही अडचणीतून. एम १ ही बीएमडब्ल्यूची, जॉर्जेटो जुजारोने रेखलेली, इंजिन मधोमध असलेली देखणी गाडी. ती बांधण्याचं काम लॅम्बोर्गिनीला दिलं होतं, तो करार फिसकटला. शर्यतीच्या नियमांना ४०० गाड्या तयार हव्या होत्या, त्या वेळेत होईनात. हातात गाडी आहे आणि धावायला शर्यत नाही, अशा पेचात बीएमडब्ल्यूच्या क्रीडाविभागाचा प्रमुख योखन नेरपाश याने सरळ एम १ गाड्यांचीच मालिका उभी केली आणि ती फॉर्म्युला वनच्या आठवड्याअखेरीला जोडून दिली. शुक्रवारच्या सरावात सर्वांत वेगवान ठरलेल्या फॉर्म्युला वन चालकांना एम १ मिळायची, पुढच्या रांगांत उभं राहायचं आणि मागे खासगी संघांचे चालक. १९७९ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये झोल्डरला पहिली शर्यत झाली, ती एलिओ दे अँजेलिसने जिंकली. त्या वर्षीचं विजेतेपद लाउडाचं, १९८० चं नेल्सन पिकेचं. मग बीएमडब्ल्यूचं लक्ष फॉर्म्युला वनच्या इंजिनाकडे गेलं आणि प्रोकार दोन मोसमांत संपली. तो बड्या पाहुण्यांचा जलसा होता. डोळे दिपले, पण त्यातून चालक घडावेत अशी ती शाळा नव्हती.

शाळा काढली पोर्शेने. आधी १९८६ पासून ९४४ टर्बोची मालिका, मग १९९० मध्ये जर्मनीत ९११ ची कॅरेरा कप. पुढे फ्रान्स, इटली, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील असा तिचा विस्तार होत गेला, आणि या सर्वांच्या डोक्यावर सुपरकप. अशा शर्यतींसाठी बांधलेल्या ९११ गाड्यांची संख्या चार हजारांपलीकडे गेली आहे. हे यश विक्रीचं म्हणून सोडून देता येईल. मला त्याचं खरं कारण गाडीच्या स्वभावात दिसतं.

९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. गाडीचं सर्वांत जड अंग शेपटाला टांगलेलं. पोर्शेने आपल्या सर्वांत वरच्या शर्यतीच्या ९११ मध्ये, आरएसआरमध्ये, २०१७ साली इंजिन मागच्या आसाच्या पुढे आणलं; कपच्या गाडीत ते होतं तिथेच राहिलं. २०२१ मध्ये आलेल्या ९९२ पिढीच्या गाडीत चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ५१० अश्वशक्ती, वजन १२६० किलो. सुपरकपमध्ये तिला घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती आणि ब्रेकची एबीएसही नव्हती. म्हणजे इतकी ताकद, शेपटाला भार आणि सांभाळायला फक्त दोन पाय व दोन हात.

आता मोनॅकोचं पहिलं वळण घ्या. सेंत देव्होत. तिथे त्याच नावाचं छोटं चर्च आहे, मोनॅकोच्या रक्षणकर्त्या संत देव्होताचं. सरळ रस्ता संपतो, उजवीकडे काटकोनात वळायचं आणि लगेच चढ लागतो, कॅसिनोच्या चौकाकडे जाणारा. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. ९११ इथे येते तेव्हा तिचं नाक हलकं असतं. नुसतं स्टेअरिंग वळवलं तर पुढची चाकं सरळच घसरत राहतात. म्हणून आधी ब्रेक, तोही जोरात आणि सरळ रेषेत. भार पुढे येतो, पुढचे टायर रस्त्यात रुततात. पाय जरा जास्त पडला की आतलं पुढचं चाक जागच्या जागी थांबतं, निळसर धूर निघतो आणि टायरचा तेवढा भाग घासून सपाट होतो. या शर्यतीत थांबून टायर बदलायचे नसतात. त्यामुळे एका क्षणाचा उतावळेपणा उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत स्टेअरिंगमधून थरथरत राहतो.

खरी कला यानंतरची. वळण सुरू झालं तरी ब्रेकवरचा पाय एकदम उचलायचा नाही. स्टेअरिंग जितकं वळत जाईल तितका पाय सैल करत न्यायचा. पाय लवकर सुटला तर भार मागे पळतो, नाक पुन्हा हलकं होतं आणि गाडी बाहेरच्या कठड्याकडे ओढली जाते. उशिरा सुटला तर मागचं जड इंजिन बाहेर झेपावतं आणि शेपूट पुढे येऊ पाहतं. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद फट आहे, आणि तिथे ९११ स्वतःहून वळते. मागची चाकं किंचित बाजूला सरकतात आणि नाक वळणाच्या आतल्या टोकाकडे आपसूक फिरतं. त्या घडीला चालकाचे हात पाहावेत. चांगल्या चालकाचं स्टेअरिंग तेव्हा जवळजवळ स्थिर असतं, क्वचित सरळही झालेलं. वळण हातांनी घेतलेलं नसतं, पायाने घेतलेलं असतं.

आणि मग जो भार इतका वेळ शत्रू होता तो मित्र होतो. रेस दिली की गाडी मागे बसते, इंजिनाचं सगळं वजन मागच्या रुंद टायरांवर येतं आणि ९११ चढावर अशी झेपावते की इंजिन मधोमध असलेल्या गाडीला हेवा वाटावा. ही झेप किती लवकर घेता येते त्यावर पुढचा सगळा चढ ठरतो. जो वळणात शिरताना अर्धी मोटार मागे राहिला तो चढ संपेपर्यंत दोन मोटारींनी पुढे असू शकतो. मोनॅकोत ओव्हरटेक करायला जागा नाही, म्हणून तिथे हे केवळ दोन गाड्यांमधल्या कमी-जास्त होणाऱ्या अंतरात वाचावं लागतं. ऑस्ट्रियातल्या स्पीलबर्गला मात्र तेच नाट्य उघड्यावर येतं. चढावरच्या उजव्या वळणात मागचा चालक उशिरा ब्रेक लावून आत घुसतो, पुढे जातो, पण वेगामुळे बाहेर फेकला जातो. आधी पुढे असलेला शांतपणे उशिरा वळतो, त्याची रेस आधी लागते आणि बाहेर पडताना तोच पुन्हा पुढे. सारख्या गाड्यांत हे दोघे तीन-तीन वळणं खांद्याला खांदा लावून जातात, कारण कुणाकडेही दुसऱ्याला सरळ रस्त्यावर टाकून जाण्याइतकी जादा ताकद नसते.

हेच मला म्हणायचं आहे. गाडी सारखी असणं पुरेसं नाही, ती अवघडही असली पाहिजे. सोपी आणि सारखी गाडी सगळ्यांना एकाच पातळीवर आणते. मग शर्यत चुरशीची होते, पण चालकांचे चेहरे पुसट होतात. ९११ चालकाला सतत प्रश्न विचारते आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. या प्रश्नांना वर्षानुवर्षं उत्तरं दिलेली माणसं पुढे काय करतात ते नोंदलेलं आहे. न्यूझीलंडच्या अर्ल बॅंबरने २०१४ मध्ये सुपरकप जिंकली आणि पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जूनमध्ये, ल मॉंची चोवीस तासांची शर्यत. त्याच्या सोबतीला निको हुल्केनबर्ग होता आणि निक टॅंडी, तोही २०११ चा जर्मन कॅरेरा कप विजेता. रेने रास्टने २०१० ते २०१२ अशा सलग तीन सुपरकप जिंकल्या, मग डीटीएम या जर्मन टूरिंग कार मालिकेची तीन विजेतेपदं. आणि १९९३ मध्ये, मॅकलॅरेनकडे सरावचालक म्हणून खोळंबलेला मिका हॅकिनेन मोनॅकोच्या सुपरकपमध्ये पाहुणा म्हणून उतरला, पहिल्या जागेवरून सुटला आणि जिंकला. पुढे तो दोनदा विश्वविजेता झाला.

समता पूर्ण असते असं मात्र नाही, आणि तसं भासवणं मला पटत नाही. इंजिनं मोहोरबंद असतात. पण मागचा पंख, अँटी-रोल बार, टायरमधली हवा, चाकांचा कल हे ठरावीक मर्यादेत बदलता येतं. ज्या संघाकडे अनुभवी अभियंता आहे, ज्याला मोसमाआधी भरपूर सराव परवडतो, त्याची गाडी कागदावर सारखी असूनही हाताला जास्त लागते. गरीब घरचा गुणी मुलगा इथेही अडतो. फरक इतकाच, की इतर शर्यतींत ही दरी सेकंदांची असते, इथे सेकंदाच्या काही दशांशांची, आणि तेवढी एखादा हात भरून काढू शकतो.

बाकीच्या मालिकांबद्दल थोडक्यात. फेरारी चॅलेंज १९९३ मध्ये ३४८ या गाडीवर सुरू झाली, लॅम्बोर्गिनीची सुपर ट्रोफेओ २००९ मध्ये गायार्दोवर. दोन्ही देखण्या, दोन्हींचा आवाज ऐकण्याजोगा. पण त्या बऱ्याच अंशी हौशी ग्राहकांसाठी आहेत आणि तसंच त्यांच्याकडे पाहावं. अमेरिकेतल्या माझदा एमएक्स-५ कपचं मोल मला अधिक वाटतं. दोन लिटरचं इंजिन, उघड्या टपाच्या छोट्या गाडीचं शर्यतीसाठी केलेलं रूप. डेटोनाच्या एकतीस अंश कललेल्या भिंतीसारख्या वळणांवर या गाड्या एकमेकींच्या मागे हवेचा आडोसा घेत थव्याने धावतात. तिथे शेवटच्या फेरीत पहिला असणं तोट्याचं. मागचा आडोशातून बाहेर येतो आणि रेषेवर गाठतो. कधी पुढे राहायचं आणि कधी मुद्दाम मागे, हा हिशेब शर्यतभर डोक्यात चालवावा लागतो. ९११ पायांची परीक्षा घेते, एमएक्स-५ धीराची.

आपल्याकडे फोक्सवागेनने २०१० मध्ये पोलो कप सुरू केली. पुढे पोलोच्या जागी व्हेंटो आली, मग अमियो. या तिन्हींच्या रस्त्यावरच्या गाड्या पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होत. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते या शर्यतींत धावला. चेन्नईजवळच्या आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर भरणाऱ्या या शर्यती मराठी क्रीडापानांवर फारशा उमटल्या नाहीत. पुढची चाकं ओढणाऱ्या त्या छोट्या गाड्या ९११ इतक्या हट्टी नव्हत्या. पण फॉर्म्युला गाडीचा खर्च न पेलणाऱ्या मुलांना सारख्या गाडीत स्वतःला जोखण्याची संधी त्यांनी दिली, आणि ती मोलाची होती.

ज्यांनी अशी शर्यत कधी पाहिली नाही त्यांना एक सांगणं. सुपरकपची चित्रणं इंटरनेटवर मिळतात, चालकाच्या जागेवरून टिपलेलीही. पहिल्या क्रमांकाच्या मागे लागू नका. सातव्या-आठव्या क्रमांकावर झुंजणारा एखादा चालक निवडा, एकच वळण धरा आणि ते फेरीमागून फेरी पाहा. इंजिनाचा आवाज खाली उतरून पुन्हा वर कधी चढतो तिकडे कान द्या. तो प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी चढत असेल, तर तो चालक चांगला आहे.