हिशेबाची वही आणि आपले साहित्य

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात आमच्या भागातील रहिवाशांची एक बैठक एका शाळेच्या सभागृहात भरली होती. विषय दोन होते. घरपट्टी आणि पाणी. आमची वसाहत नोकरदारांची, पण रस्त्याच्या पलीकडे विडी कामगारांची जुनी वस्ती आहे, आणि दोन्हीकडचे लोक आलेले होते. खुर्च्यांवर वसाहत बसली होती, भिंतीला टेकून वस्ती उभी होती. पहिल्या वक्त्याने सुरुवातच अशी केली, 'आपण करदाते आहोत.' दुसऱ्याने त्यात भर घातली, 'आपल्या पैशावर लाभार्थी पोसले जातात.' टाळ्या पडल्या. मी मराठी शिकवतो. शब्दांचे वजन करणे हा माझा धंदा आहे. मला त्या दोन शब्दांची टोचणी लागली. त्याहून अधिक टोचली ती गोष्ट अशी की, मी खुर्चीवर बसलो होतो. मी घरपट्टी भरतो. म्हणजे त्या वक्त्याच्या 'आपण'मध्ये मीही धरला गेलो होतो, आणि मी गप्प होतो.

त्या गप्प बसण्याचा जाब म्हणून हा लेख लिहीत आहे. शहराच्या जमाखर्चाविषयी नागरिक जे बोलतात तीही एक संहिता आहे, आणि तिची समीक्षा झाली पाहिजे. दलित समीक्षेने आजवर कविता तपासली, आत्मकथन तपासले, प्रस्थापितांची अभिरुची तपासली. अंदाजपत्रकाची भाषा मात्र तिने बाजूला ठेवली.

सोलापूर हे थकलेले शहर आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या झाल्या. त्या गिरण्यांना मजूर पुरवण्यासाठी तारेच्या कुंपणातील सेटलमेंटही येथेच होती. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसे त्या कुंपणातून कामावर जात. आता भोंगे बंद झाले आहेत. उरले यंत्रमाग, चादरी, टॉवेल आणि विड्या. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, आणि त्याच शहरात कित्येक वर्षे नळाला तीन-चार दिवसांआड पाणी आले. उजनीचे धरण शंभराहून अधिक किलोमीटर दूर. एवढ्या लांबून आलेले पाणी शेवटी कोणत्या गल्लीत किती वेळ सोडायचे, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक उरत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. गरीब शहरात पैशावरून भांडण व्हायचेच. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, त्या भांडणात बोलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे कोणत्या शब्दाने ठरते?

'करदाता' हा तो शब्द. दिसायला तो निर्मळ आहे, परंतु त्याला इतिहास आहे. मुंबईत १८७२ च्या कायद्याने म्युनिसिपालिटीचे निम्मे सभासद निवडण्याचा हक्क मिळाला तो करदात्यांना, रहिवाशांना नव्हे. जो शहर झाडतो, ओझे वाहतो, गिरणीत रात्रपाळी करतो, त्याला शहराविषयी मत नव्हते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तो याच दारावरचा घाव होता. संविधानाने ते दार काढून टाकले. मत सर्वांना मिळाले. परंतु ज्या शब्दाने दार बंद केले होते तो शब्द तसाच राहिला, आणि आज तो सभागृहात खुर्च्या वाटतो.

शिवाय हा शब्द खोटा आहे. त्या बैठकीत हे मला कोणा अर्थशास्त्रज्ञाने सांगितले नाही. भिंतीला टेकून उभी असलेली एक म्हातारी विडी कामगार बाई पुढे आली आणि अध्यक्षांना म्हणाली, 'सायेब, आमी कर भरत न्हाई म्हंता, मग काडीची पेटी आमाला फुकट मिळती का?' लोक हसले. अध्यक्ष म्हणाले, 'आजी, विषयावर बोला.'

आजी विषयावरच बोलत होती. सभागृहच विषयाबाहेर गेले होते. वर्षानुवर्षे महाराष्ट्रातील महापालिकांचा मोठा आधार जकात हा होता. शहरात येणाऱ्या मालावर जकात बसे आणि ती मालाच्या किमतीत मिसळून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचे. म्हणजे झोपडीत पेटणाऱ्या स्टोव्हने, शिजणाऱ्या डाळीने, लेकीच्या लग्नातल्या लुगड्याने महापालिका चालवली. जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकांना राज्य सरकार भरपाईचे अनुदान देऊ लागले. ते पैसे ज्या तिजोरीतून येतात त्या तिजोरीत काडीच्या पेटीचा आणि साबणाच्या वडीचाही कर असतो. घरपट्टीची पावती दिसते; काडीपेटीची पावती मिळत नाही. ज्याच्याजवळ पावती तो करदाता आणि ज्याच्याजवळ पावती नाही तो लाभार्थी, अशी ही विभागणी आहे. वर्णव्यवस्थाही श्रमाची पावती देत नव्हती.

आता 'लाभार्थी' या शब्दाकडे वळू. वस्तीत गटार बांधले, दिवा लावला, तर ते दलित वस्ती सुधारणेच्या निधीतून होते. हा निधी हवाच. तो झगडून मिळवलेला आहे. परंतु त्याच्या आडोशाने एक युक्तिवाद उभा राहतो आणि तोही मी त्या बैठकीत ऐकला: 'त्यांचा वेगळा निधी असतो, सर्वसाधारण पैसा इकडे वापरा.' म्हणजे जे वाढीव म्हणून मागितले होते, तेच एकमेव म्हणून गळ्यात घातले जाते. गावाच्या नकाशात वस्ती वेशीबाहेर होती. शहराच्या अंदाजपत्रकात ती वेगळ्या लेखाशीर्षाखाली जाते. वेस कागदावर आली, इतकाच फरक.

तिसरा शब्द 'आस्थापना खर्च'. पगारावर फार पैसा जातो, सफाईचे काम ठेक्याने द्या, असा आग्रह प्रत्येक गरीब शहरात धरला जातो. येथे आपणही प्रामाणिक राहिले पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. ही तरतूद म्हणजे एकाच वेळी भाकर आहे आणि साखळीही आहे. बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारी व्यवस्था आम्हांला मोडायची आहे, आणि ती मोडेपर्यंत त्या मुलाची कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि आजारपणाची रजा राखायचीही आहे. ठेकेदारी साखळी तोडत नाही, फक्त भाकर काढून घेते. झाडू त्याच जातीच्या हातात राहतो. करदात्याच्या भाषेत ही अडचण मांडायला जागा नाही. तिथे माणूस खर्चाच्या रकान्यात असतो.

ही अडचण साहित्याने मांडायची. ती आपण मांडली काय?

आपल्या साहित्याने शहराचा तळ दाखवला, याविषयी वाद नाही. बाबूराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधील माणसे, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखाना यांनी मराठी वाचकाला नाक दाबून पुढे जाण्याची सवलत ठेवली नाही. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेत एक घोट पाण्याची मागणी आणि तिला मिळणारा नकार एवढ्यावर सारा इतिहास उभा राहतो. या कृतींनी घाण, तहान आणि अपमान हे मराठी साहित्याचे विषय केले. तो विद्रोह ऐतिहासिक आहे.

परंतु माझ्या वाचनात एक पोकळी राहते. गटार दिसते, पण त्याची निविदा दिसत नाही. तहान दिसते, पण व्हॉल्व्ह फिरवण्याचा हुकूम कोणाच्या सहीने निघाला ते दिसत नाही. नकार देणारा बहुधा सवर्ण माणूस म्हणून समोर येतो. त्याला शिवी देता येते. आजचा नकार पुष्कळदा माणसाच्या रूपाने येत नाही. 'तरतूद नाही' या दोन शब्दांनी येतो. त्याला शिवी देऊन भागत नाही, त्याला वाचावे लागते. 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात गटारात उतरून मेलेल्या कामगाराची विधवा साक्ष देते आणि तिच्या साध्या उत्तरांतून कळते की नवऱ्याजवळ संरक्षणाचे काही साधन नव्हते. न्यायालय शाहिराच्या गाण्याची चौकशी करते. साधन का नव्हते याची चौकशी करीत नाही. चित्रपट हे दाखवतो, ही त्याची ताकद. आपल्या कथा-कादंबऱ्यांनी त्या न झालेल्या चौकशीचा धागा पुढे न्यायला हवा होता.

कोणी म्हणेल, अंदाजपत्रक हा रुक्ष विषय आहे, त्यात साहित्य कोठले? हा आक्षेप आपल्या तोंडी शोभत नाही. झोपडपट्टीत साहित्य कोठले, असे एके काळी आपल्यालाच विचारले गेले होते. शिवाय हिशेब हा आपल्या वाङ्मयाचा मूळ प्रकार आहे. जोतीराव फुले १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेले होते, खर्चाचा आकडा त्यांना कळत होता. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईच्या मोठ्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. मंडई बांधली गेली, १८८६ साली उघडली, आणि आज तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. नाव दिले, मत घेतले नाही. आपल्या महापुरुषांच्या बाबतीत नगरपालिकांनी पुढेही हाच व्यवहार केला. 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ तरी काय आहे? कुणब्याच्या अंगावरील कराचा आणि त्या कराच्या उधळपट्टीचा तो हिशेब आहे, आणि तो मराठी गद्याचा अभिमानबिंदूही आहे.

महाडही आठवावे. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आले. ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह हा कागद आणि ओंजळ यांतील अंतर तोडण्यासाठी होता. नगरपालिकेने त्याच वर्षी ४ ऑगस्टला ठराव मागे घेतला, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. आपण महाडवर शेकडो कविता लिहिल्या. त्यांत पाणी आहे, सूर्य आहे, वणवा आहे. नगरपालिकेचा ठराव मात्र क्वचितच असतो. आणि ज्यांनी हा सत्याग्रह केला त्या बाबासाहेबांचा १९२५ सालचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता. सरकारच्या तिजोऱ्या कशा वाटल्या जातात याचा तो अभ्यास होता. आपण त्यांचा कोट घेतला, चष्मा घेतला, उंचावलेले बोट घेतले. हिशेबाची वही तेवढी घ्यायची राहिली.

हे आजच सांगण्याला कारण आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे सोलापूरच्या महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकांनी अंदाजपत्रके केली, त्यांनीच मंजूर केली. राज्यातील इतर अनेक महापालिकांतही हेच झाले. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा भरली. त्यांत आपल्या वस्त्यांतून गेलेले नगरसेवकही आहेत. त्यांच्या हाती अंदाजपत्रकाचे जाड पुस्तक पडेल आणि त्यांतील पुष्कळांना ते उघडताना तीच भीती वाटेल, जी मला पहिल्यांदा वाटली होती. एम.ए. झालेला मी त्या पुस्तकापुढे निरक्षर होतो. 'सुधारित', 'प्रारंभीची शिल्लक', 'भांडवली' हे शब्द कोणी शिकवलेच नव्हते. दोन रात्री बसल्यावर कळले की ते कवितेहून अवघड नाही. कवितेप्रमाणेच त्यातही जे लिहिलेले नसते ते वाचावे लागते.

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना माझे सांगणे आहे. आपली वस्ती ज्या पानावर आहे ते पान शोधा. ते नसेल तर त्या नसण्यावर लिहा. मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यामधल्या जागेत एखादी कादंबरी पडून आहे, ती उचला. नकार हे आपल्या साहित्याचे मूल्य आहे. परंतु आकडा न वाचता दिलेला नकार समोरच्याला सोयीचा असतो.

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी आजीला गाठले आणि म्हणालो, 'आजी, तुम्ही बरोबर बोललात.' तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. 'मग तवा का न्हाई बोल्लास, मास्तर?' एवढेच विचारून ती चालू लागली.