सिस्टीम घेत नाही

बँकेच्या काउंटरमागे चोवीस वर्षं काढली की माणसाला एक वाक्य झोपेतही म्हणता येतं : ‘सिस्टीम घेत नाही.’ आमच्या आधीच्या पिढीतल्या कारकुनांची वाक्यं याहून रसाळ होती असं ऐकतो. ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘लेजर बाइंडिंगला गेलंय’ किंवा मग नुसतंच ‘उद्या या’. पण त्या वाक्यांत भांडायला जागा होती. साहेब आत चहा पीत असलेले दिसायचे. ‘सिस्टीम घेत नाही’ याच्यापुढे मात्र भांडण संपतं. समोरचा गृहस्थ कितीही खरा असो, तो मुकाट्याने पासबुक पिशवीत घालतो आणि सिस्टीम नावाच्या कुठल्याशा देवीला मनातल्या मनात हात जोडून निघून जातो.

हेच वाक्य एके रात्री मला घरात ऐकायला मिळालं. दुधाचा पेला घेऊन मी चिरंजीवांच्या मागे उभा होतो. (पेला हे निमित्त. खरं म्हणजे स्वारी रात्री एक वाजता काय करते ते बघायचं होतं.) पडद्यावर एक वेस होती, वेशीत पहारेकरी होता आणि पुढे जाता येणार नाही हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा ऐकवत होता. वेशीला लागूनच कंबरेएवढी भिंत होती.

“अरे, मग ती भिंत ओलांड की.”

“नाही ओलांडता येत.”

“आत्ता तर तू ड्रॅगन मारलास म्हणालास!”

“बाबा, गेम अलाऊ करत नाही.”

मी पेला ठेवून परत आलो. बाप काउंटरच्या आतून जे लोकांना ऐकवतो, ते पोरगा पैसे भरून ऐकून घेतोय!

दिवाळीत भाऊबीजेला पुण्याला ताईकडे गेलो, तेव्हा या दुखण्याचा उतारा भेटला. ताईचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर. दिवसभर पडद्यासमोर बसतो म्हणून रविवारी मित्रांना जमवून डायनिंग टेबलावर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. पडदा नाही, पट सुद्धा असलाच तर असतो. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा एक फासा आणि फराळाचं ताट. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, हवामान आणि बाजारभाव, एकट्या सूत्रधाराच्या तोंडी. त्याला गेम मास्टर म्हणतात. सूत्रधार अर्थातच आमचा भाचा. “मामा, बसा ना,” म्हणाला, आणि मी बँकेत आहे हे लक्षात घेऊन मला चोराचं पात्र दिलं. चिरंजीव जादूगार झाले.

आणि काय योगायोग! अर्ध्या तासात आमची टोळी एका वेशीपाशी आली. पहारेकरी म्हणाला, परवाना दाखवा. बाकीची तरणी मुलं तलवारी उपसायला लागली. मी आपला माझ्या वकुबाप्रमाणे विचारलं, “याच्याकडे आवक-जावक रजिस्टर आहे का?”

भाचा क्षणभर थांबला. हा क्षण मी विसरणार नाही. त्याच्या वहीत रजिस्टर नव्हतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तो म्हणाला, “आहे. का?”

“कालच्या तारखेत आमची एंट्री दाखवता येईल.”

“बारा किंवा वर पडलं तर दाखवाल. टाका फासा.”

सतरा पडले. पहारेकऱ्याने रजिस्टर उघडलं, आणि बघता बघता त्या पहारेकऱ्याला जन्म मिळाला. सोळा वर्षं एकाच वेशीत, प्रमोशन नाही, गुडघे दुखतात, वरचे लोक ऐकत नाहीत. मी भर दिवाळीत त्याच्याशी वीस मिनिटं बोलत बसलो. आमच्या शाखेत इतकं मोकळं बोलणारा कोणी नाही.

थोड्या वेळाने दुसरी गोष्ट घडली. आमचा जादूगार तासभर गप्प होता. मी बाप, शेजारी बसलेला, मला ते जाणवलं नाही, कारण घरी तो गप्पच असतो. भाच्याला जाणवलं. रस्त्यात एक म्हातारी भेटली, ती सगळ्यांना सोडून नेमकी जादूगाराकडे गेली आणि म्हणाली, “बाळा, यांच्यातला तूच शहाणा दिसतोस. माझं एक पत्र वाचून दाखवशील?” पत्र भाच्याने तिथल्या तिथे रचलं. चिरंजीवांनी ते वाचलं, मग त्यातली एक खोच काढली, मग बोलायला लागले ते रात्री जेवणापर्यंत.

तर आता मूळ मुद्द्याकडे येतो. सूत्रधाराचं कसब म्हणजे गोष्ट सांगणं, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ऑनलाइन खेळ बनवणाऱ्यांचाही तोच असावा, कारण ते गोष्टी भरपूर सांगतात. राजघराण्यांच्या वंशावळी इतक्या, की आमचं केवायसी बरं. पण माझ्या भाच्याची त्या दिवशीची गोष्ट, खरं सांगू का, बेताचीच होती. पळवलेली राजकन्या, काळा मांत्रिक, सगळं आजोबांच्या वेळचं. त्याचं कसब ऐकण्यात होतं. गावात कीर्तनाला चांगले बुवा आले की मागच्या रांगेत कोण पेंगतंय हे त्यांना पहिल्या अभंगात कळतं आणि ते आख्यान तिकडे वळवतात, तसली ही विद्या.

या विद्येचा जन्मच मुळी नियमाबाहेर झाला. डेव्हिड वेस्ली नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६९ साली मिनेसोटात मित्रांसाठी एक युद्धाचा खेळ मांडला. जर्मनीतलं एक काल्पनिक गाव, ब्राउनस्टाइन. त्याने खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या, तर ते सैन्यं हलवायचं सोडून आपसात कारस्थानं करू लागले, वेस्लीने विचारही केला नव्हता असल्या गोष्टी मागू लागले. तो बिचारा सुचेल तशी उत्तरं देत राहिला आणि खेळ फसला असं समजून खट्टू झाला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. पुढे त्याने गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला.

कॉम्प्युटरवाल्यांनी तो लगेच उचलला. इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून ‘मड’ नावाचा खेळ रचला, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, नुसत्या अक्षरांचा. तिथपासून आजवरच्या ऑनलाइन खेळांनी टेबलावरून काय काय नेलं याची मी कॉमर्सच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी यादी केली. पात्राची ताकद आकड्यांत, जखमा आकड्यांत, अनुभव आकड्यांत, अमुक आकडा झाला की वरची श्रेणी. म्हणजे जमाखर्च पुरा नेला. खतावणी नेली आणि कारकून टेबलावरच विसरले.

याचा नमुना पाहायचा तर १९९७ सालचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ पाहावा. हजारो माणसांनी एका राज्यात एकत्र नांदायचं. कर्ता रिचर्ड गॅरियट, तोच खेळातला राजा, लॉर्ड ब्रिटिश. त्यांनी म्हणे लांडगा सशाला खातो, ससा गवत खातो, असं अख्खं निसर्गचक्र बसवलं होतं. खेळाडू आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले, चक्राला फिरायला प्राणीच उरेनात. शेवटी ते काढून टाकलं. पण खरी गंमत चाचणीच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये झाली. महाराज प्रजेला दर्शन द्यायला उभे. मध्यंतरी मशीन बंद पडून पुन्हा चालू झालं होतं, आणि अमरत्वाची कळ पुन्हा दाबायला महाराज विसरले होते. रेन्झ नावाने खेळणाऱ्या एकाने चोरलेल्या मंत्राने तिथे आग लावली. महाराज खलास!

विचार करा, माझ्या भाच्याच्या टेबलावर असं झालं असतं तर? त्याने लाडू खाली ठेवला असता आणि म्हणाला असता, “राजा मेला. गादीला वारस नाही. प्रधान तुमच्याकडे बघतोय. काय करता?” पुढचे सहा महिने रविवार पुरले नसते. तिथे काय झालं? रेन्झला चाचणीतून काढून टाकलं. आधीच्या तक्रारी होत्या, असं कारण देण्यात आलं. असतीलही. आमच्याकडेसुद्धा कारण नेहमी आधीच्या तक्रारींचंच असतं. पण त्या राज्यात कोणाला न सुचलेली पहिली खरी गोष्ट एका प्रजाजनाने घडवली होती आणि सिस्टीमने ती घेतली नाही.

आता तुम्ही म्हणाल, कारकूनसाहेब, सहा जणांच्या टेबलाला एक सूत्रधार परवडतो. लाखभर खेळाडूंना सहाच्या हिशेबाने साडेसोळा हजारांवर सूत्रधार लागतील, त्यांचे पगार, पी.एफ.? कबूल. म्हणून लोकांनी वाटा काढल्या. २००२ च्या ‘नेव्हरविंटर नाइट्स’ने सूत्रधाराची खुर्चीच खेळात ठेवली. खेळाडूंपैकीच एकाने तिच्यावर बसायचं, राक्षसांच्या तोंडून बोलायचं. मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटते. २००८ च्या ‘लेफ्ट फोर डेड’मध्ये यंत्रच सूत्रधार. चौघे खेळाडू किती घायकुतीला आले आहेत याचा अंदाज घेऊन ते मुडद्यांच्या झुंडी सोडतं किंवा आवरतं. हुशारी आहे, पण यंत्राला दम लागलेला कळतो. माणूस गप्प का आहे हे कळत नाही. आणि २०१९ पासून ‘एआय डन्जन’सारखे खेळ आले, त्यात तुम्ही म्हणाल ते होतं. मी भिंत ओलांडतो म्हटलं, ओलांडली. मी भिंत खातो म्हटलं, खाल्ली. चार दिवस मजा वाटते. नंतर लक्षात येतं, की हा प्रत्येक चेक पास करणारा कॅशियर आहे. भाच्याने ‘बारा किंवा वर’ म्हटलं नसतं, तर माझ्या सतरांना काय किंमत होती?

एका खेळाला मात्र मी पुरे मार्क देईन, तोही गोळीबाराचा असून. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वीडनच्या ॲरोहेड कंपनीचा ‘हेलडायव्हर्स २’ आला. सगळ्या दुनियेतले खेळाडू एकाच युद्धात, आणि कुठला ग्रह केव्हा पेटवायचा हे ठरवायला कंपनीने जोएल नावाचा जिताजागता सूत्रधार बसवलेला. मे महिन्यात हुकूम निघाला. दोन ग्रहांपैकी एक निवडा. एक जिंकलात तर रणगाडे उडवणारे सुरुंग मिळतील, दुसऱ्यावर आजारी मुलांचं रुग्णालय आहे. तेच सुरुंग खेळाडूंच्या हातून आधीही निसटले होते. चिरंजीवांची बारावी नुकतीच संपली होती, त्यामुळे रात्री हक्काच्या. मी दाराशी जाऊन विचारलं, “काय चाललंय?” एरवी “काही नाही” हे उत्तर ठरलेलं. त्या दिवशी मान न वळवता म्हणाला, “मुलांना वाचवतोय.”

मुलं वाचली. सुरुंग गेले. कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या खऱ्या संस्थेला ४,३११ डॉलरची खरी देणगी दिली. इतकी अडनिडी रक्कम पाहून माझ्यातला कारकून गहिवरला. पडद्यापलीकडे कुणीतरी बसलंय, आपण काय निवडलं ते बघतंय आणि त्याप्रमाणे उद्याची गोष्ट बदलतंय, एवढं कळलं की कंबरेएवढ्या भिंतीही माणूस माफ करतो. अर्थात त्यातही मेख आहेच. जोएलने निकाल आधीच ठरवलेला असतो, असा संशय खेळाडू घेतातच. टेबलावर सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो, तिथेही हीच कुजबुज असते. मी भाच्याला सरळ विचारलं, “कधी आकडा फिरवतोस?” तो म्हणाला, “मामा, तुमच्या सस्पेन्स अकाउंटमध्ये काय असतं ते तुम्ही सांगा, मग मी सांगतो.” विषय तिथेच संपला.

महिन्याभराने आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. ताईला वाटलं भाऊ भेटायला आला. टेबलावर बसल्या बसल्या मी विचारलं, आपला तो पहारेकरी कसा आहे? भाच्याने वही उघडली. मी सहज केलेल्या चौकशीसाठी याच्या वहीत पान तयार! म्हणाला, “सस्पेंड झालाय. रजिस्टरमध्ये खोटी एंट्री सापडली. चार्जशीट दिलीय, बायको आणि दोन मुलं आहेत.”

माझ्या तोंडातली चकली तशीच राहिली. चोवीस वर्षांत मी एक खोटी एंट्री केली नव्हती, आणि केली ती अशा रीतीने अंगाशी आली. टोळीतले बाकीचे म्हणाले, राजकन्या सोडवायची आहे, पुढे चला. मी म्हटलं, मी चौकशीला जाणार आणि साक्ष देणार. “जा,” भाचा म्हणाला, “पण त्याला बचाव प्रतिनिधी लागेल. त्याच्या बाजूने उभं राहायला खात्यातला कोणी तयार नाही.”

टेबलावर शांतता पसरली. मग शेजारून आवाज आला, “बाबा, मी उभा राहतो. पण आधी मला सांगा, चार्जशीटला उत्तर कसं देतात?”

त्या रात्री पुण्याहून परतताना लोकल गाठेपर्यंत आणि पुढे घराच्या जिन्यापर्यंत मी त्याला खात्यांतर्गत चौकशीची कार्यपद्धती समजावत होतो. स्वारी टिपणं घेत होती. सौ.ने दार उघडलं आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं.

चौकशी अजून चालू आहे. दोन वेळा तहकूब झाली, एकदा भाच्याच्या सर्दीमुळे आणि एकदा ड्रॅगन आल्यामुळे. पुढची तारीख येत्या रविवारची आहे.