वाशांचा पत्ता

पाडलेल्या वाड्याची तुळई, जुन्या बाजारातली दारं-खिडक्या, उतरवलेली कौलं यांतून ग्रामस्थांच्या मदतीने उभं राहिलेलं वाचनालय किंवा समाजमंदिर वास्तुकलेच्या नियतकालिकांत हल्ली बरेचदा दिसतं. छायाचित्रं देखणी असतात. मजकुरात ‘पुनर्वापर’ आणि ‘लोकसहभाग’ हे शब्द असतातच. ती तुळई कुणाच्या घराची आणि ते घर का पडलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न टाळता येत नाही. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. हा भाग धुळे जिल्ह्यातच होता तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, नर्मदा बचाओ आंदोलनाने चिमलखेडी आणि निमगव्हाणला पहिल्या जीवनशाळा सुरू केल्या. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणमाती: भिल्ल-पावरा घराचीच रीत. हे घर उकलता येतं. खांब, वासे, कौलं सुटी करून दुसरीकडे उभी करता येतात. त्यासाठी मजूर लावावे लागत नाहीत. एकमेकांच्या कामाला जाण्याची ‘लाह’ असते. पाणी चढलं तशा बुडणाऱ्या शाळा हलवून पुन्हा बांधाव्या लागल्या.

घर फिरलं की वासेही फिरतात, असं आपण म्हणतो. इथे घर बुडालं तरी वासे माणसांबरोबर राहिले.

पण एवढ्यावर भारावून जाणारी समीक्षा मला अपुरी वाटते. ‘किती चिवट माणसं’ म्हणताना पाणी कुणी चढवलं हे आपण सोडून देतो. २०१७ साली १३८.६८ मीटरच्या धरणाचं लोकार्पण झालं, २०१९ साली ते काठोकाठ भरलं. जी इमारत पुन्हापुन्हा उचलावी लागते, तिच्या हलकेपणाला नुसती शैली म्हणणं हा अन्याय आहे. उलट, तिच्यात फक्त हाल पाहणंही चूक. स्वतःचं घर बुडत असताना लोकांनी मुलांची शाळा बांधली. आधी काय वाचवायचं, हे त्यांनी ठरवलं. लोकसहभाग म्हणायचं ते याला. बाहेरच्याने काढलेल्या आराखड्यावर चार दिवस माती मळणं ही फार तर मदत झाली.

म्हणून पुढच्या वेळी जुन्या लाकडाची देखणी इमारत पाहिली की आधी त्या लाकडाचा पत्ता विचारावा. तो सांगता आला नाही, तर कौतुक जरा थांबवावं.