कापडाच्या चुण्यांतला शोक

दिजाँच्या जुन्या राजवाड्यात फिलिप ल हार्दीच्या समाधीसमोर उभे राहिले की नजर आधी वर जाते. काळ्या संगमरवरी शिळेवर बरगंडीचा हा ड्यूक हात जोडून पहुडला आहे. पायाशी सिंह, उशाशी शिरस्त्राण धरलेले देवदूत. पण समाधीचा प्राण खाली आहे, आणि तो पाहायला गुडघे टेकावे लागतात. शिळेखालच्या अलाबास्टरच्या कमानींतून, हातभरही उंची नसलेल्या चाळीसेक मूर्तींची अंत्ययात्रा चालली आहे. फ्रेंच त्यांना ‘प्लराँ’ म्हणतात, म्हणजे रडणारे.

१३५६ साली प्वातिएच्या रणांगणावर चौदा वर्षांचा फिलिप बापाच्या, फ्रान्सचा राजा ज्याँ याच्या, शेजारी लढत राहिला. ‘हार्दी’ म्हणजे धाडसी हे बिरुद त्याला चिकटले. १३६३ मध्ये त्याला बरगंडी मिळाली. घराण्याच्या दफनासाठी त्याने दिजाँच्या वेशीबाहेर शांमोलचा मठ उभारला. समाधीचे काम १३८१ मध्ये ज्याँ द मारव्हिलने घेतले, १३८९ नंतर ते हार्लेमच्या क्लाउस स्लुटरकडे आले. १४०४ मध्ये ड्यूक वारला तेव्हाही ते अपुरेच होते. १४१० मध्ये क्लाउस द वेर्वने ते पुरे केले.

शोक करणाऱ्यांच्या मूर्ती आधीच्या समाध्यांवरही होत्या, पण बहुधा भिंतीला चिकटलेल्या. इथे त्या सुट्या आहेत, चारी अंगांनी कोरलेल्या, म्हणूनच खांबांमागून खरोखर चालत जातात. पुढे धर्मगुरू आणि मठातले साधू, मागे सुतकी झगे घातलेले घरचे नि दरबारचे लोक. कोणी झग्याच्या टोकाने डोळा पुसतो, कोणाची मान पुस्तकावर झुकली आहे. एकाने तर खोळ इतकी पुढे ओढली आहे की उरते फक्त कापड, आणि ते कापडच रडते. खांद्यावरून सुटलेली जड चुणी पायांशी येऊन थबकते, तशी आवंढा गिळल्यासारखी आपलीही नजर थबकते. दरबारात कोण कोणाच्या पुढे बसायचे हे ठरलेले असे; इथे एका खोळीखाली सरदार कोण नि सेवक कोण, हे ओळखू येत नाही. मोठेपणाचे इतके प्रामाणिक चित्र दुसऱ्या कुठल्या राजघराण्याने स्वतःसाठी करवून घेतल्याचे मला आठवत नाही.

१४७७ मध्ये फिलिपचा पणतू शार्ल नान्सीपाशी मारला गेला आणि बरगंडीची डची फ्रान्सच्या राजाने घेतली. १७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत समाधी फोडली गेली. आज दिसणाऱ्या ड्यूकमध्ये एकोणिसाव्या शतकातली डागडुजी पुष्कळ आहे. रडणारे मात्र विखुरले, तरी बहुतेक वाचले, बरेच परतले. काही आजही अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहेत.

त्या खोळीआडचा चेहरा शोधायला आपण आणखी वाकतो. तेव्हा ध्यानात येते, की ड्यूक आता दिसेनासा झाला आहे आणि आपली मानही त्या यात्रेतल्यांसारखीच खाली गेली आहे.