पाच वाजताची जुळवाजुळव

बी.कॉम. झालेल्या माणसाने साहित्याच्या समीक्षेत पडू नये, असे आमच्या सौ.चे मत आहे. ती मराठी घेऊन एम.ए. झालेली आहे. पण युद्धकाळातली सरकारी पत्रके हा वाङ्मयप्रकार समीक्षकांनी अगदीच वाऱ्यावर सोडलेला दिसतो, आणि त्यात आकडे फार असल्यामुळे तो माझ्या काउंटरवर येतो.

या वाङ्मयाचे सुवर्णयुग व्हिएतनाममध्ये होऊन गेले. त्यात निव्वळ कल्पित कथाही आहे. 4 ऑगस्ट 1964 ला टोंकिनच्या आखातात न झालेला हल्ला! त्यावर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात 416 विरुद्ध शून्य मते पडली. पण माझा जीव हिशेबी साहित्यात. सायगॉनला लष्करी अधिकारी रोज संध्याकाळी वार्ताहरांना बोलावून दिवसाचा जमाखर्च सांगत. वार्ताहर त्याला ‘पाच वाजताचा फार्स’ म्हणत. आमच्याकडेही साधारण याच सुमाराला कॅश जुळवायला बसतात. एकदा दहा रुपये कमी भरले, तर सात वाजेपर्यंत सगळे व्हाउचर चाळत बसलो होतो. शेवटी ती नोट दुसऱ्या नोटेला चिकटलेली निघाली. सायगॉनला असला त्रास नव्हता. तिथे कॅश कधी कमी भरतच नसे.

त्या लढाईला धड आघाडी नव्हती. मग प्रगती मोजायची कशाने? तर शत्रूच्या प्रेतांनी. संरक्षणमंत्री मॅक्नमारा एकेकाळी हार्वर्डला अकौंटिंग शिकवत (इथे आम्हा कॉमर्सवाल्यांची मान जरा खाली जाते). प्रेते जास्त त्याला बढती लवकर. मार्चअखेरचे ठेवींचे टार्गेट ज्याने भोगले आहे त्याला पुढचे सांगायला नको. 31 मार्चला आणलेली ठेव एप्रिल उजाडताच परत जाते, पण आकडा वर जाऊन बसलेला असतो. तिथली जमा मात्र परत जाणारी नव्हती.

डिसेंबर 1968 ते मे 1969 या काळात मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात ‘स्पीडी एक्स्प्रेस’ नावाची मोहीम झाली. (मला आधी आपली डेक्कन क्वीनच आठवली.) ठार झालेले शत्रू जवळजवळ 10,900, मिळालेली हत्यारे 748. लष्कराने ठार झालेल्यांचा आकडा शेवटच्या एककापर्यंत दिला होता. गोल आकड्यावर माणूस संशय घेतो, बारीक आकड्यावर घेत नाही, हे मर्म या लेखकांना पक्के ठाऊक. पण कालपरवा लागलेला क्लार्कही विचारील, की साहेब, बाकीचे दहा हजार काय हात हलवत लढायला आले होते? त्यावर खुलासा तयार होता. पुष्कळ जण रात्री किंवा हेलिकॉप्टरमधून मारले गेले, त्यामुळे हत्यारे उचलता आली नाहीत. शिवाय कित्येकांजवळ हत्यार नसेच. या सबंध वाङ्मयातले हे शेवटचे वाक्य मला खरे वाटते. भाताच्या शेतात विळा घेऊन जातात, बंदूक नाही.

1972 साली लष्कराच्याच तपासनिसाने गुप्तपणे अंदाज केला, की त्या मोहिमेत 5,000 ते 7,000 नागरिक मेले असावेत. तो कागद पुढे कित्येक वर्षे कपाटातच राहिला. म्हणजे खोटी वही पाच वाजता वाचायची आणि खरी कुलपात ठेवायची. आमच्या पेठेतले व्यापारीही दोन वह्या ठेवतात म्हणे, पण ते निदान आयकर खात्याला भिऊन.

हे सगळे सौ.ला वाचून दाखवले. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, “अहो, पण ते पाच-सात हजार कुठे लिहिले?”

म्हटले, “त्या 10,900 मध्येच. शत्रूच्या खात्याला.”