घाट, उच्चार आणि देशीयता : दिल्लीच्या सेक्रेड हार्ट कॅथीड्रलच्या निमित्ताने

वास्तूच्या आणि साहित्यकृतीच्या समीक्षेत एक दोष समान आढळतो. कृती कोणत्या घाटाची आहे हे कळले, की ती कोणाची आहे हेही कळले, असे आपण गृहीत धरतो. नवी दिल्लीतील गोल डाकखान्यानजीकचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल या गृहीताची कसोटी पाहते. त्याविषयीचा अभिप्राय बहुधा 'इटालियन शैलीचे अनुकरण' एवढ्यावर संपतो. हा अभिप्राय चुकीचा नाही, अपुरा आहे. आणि त्याचे अपुरेपण आपल्या साहित्यविचारातही शिरले आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रथम वस्तुस्थिती. फ्रान्सिस्कन संघाचे फादर ल्यूक यांच्या पुढाकारातून हे कार्य उभे राहिले. आग्र्याचे आर्चबिशप व्हान्नी यांनी १९२९ मध्ये कोनशिला बसवली आणि १९३० मध्ये बांधकामास आरंभ झाला. आराखडा हेन्री मेड या ब्रिटिश वास्तुविशारदाचा. शासनातील वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांनीही आर्थिक साहाय्य केले. तेव्हा सत्तेपासून सर्वस्वी अलिप्त अशी ही वास्तू नव्हे. दर्शनी भागी छत तोलणारे पांढरे स्तंभ, दोन्ही अंगांना कमानींनी घडवलेले लाल विटांचे मनोरे, आत उंच वक्र छत आणि रुंद कमानी असा तिचा विन्यास आहे. प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूस असिसीच्या संत फ्रान्सिसची प्रतिमा आहे. छत्री, छज्जा, जाळी यांपैकी भारतीय म्हणून चटकन ओळखता येईल असे येथे काही नाही.

याच सुमारास राजधानीत दुसऱ्या प्रकारचे बांधकाम चालू होते. हर्बर्ट बेकर यांनी सचिवालयाच्या इमारतींत छत्र्या, छज्जे आणि जाळ्या योजल्या. भारतीय चिन्हांचा आढळ हाच निकष मानला, तर साम्राज्याचे कार्यालय कॅथीड्रलपेक्षा अधिक देशी ठरेल. हा निष्कर्ष कोणी स्वीकारणार नाही. बेकर यांच्या छत्र्यांना येथील परंपरेचा आकार होता, पण त्यांतून उमटणारा उच्चार राज्यकर्त्यांचा होता. चिन्ह उसने घेता येते. उच्चार तसा घेता येत नाही.

या पेचातून वाट काढताना मराठीच्या अभ्यासकाला गोव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण तेथे कॅथीड्रल आणि मराठी ग्रंथ एकाच काळात घडले. जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये मुख्यतः पूर्ण झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६१९ हेच त्यांचे मृत्युवर्ष. दगडाने पोर्तुगालची रचना जवळपास जशीच्या तशी उभी केली. शब्दाने मात्र वेगळा मार्ग धरला. आशय बायबलचा, लिपी रोमन, पण छंद ओवीचा आणि ग्रंथप्रकार पुराणाचा. घाट आणि आशय यांचे नाते से कॅथीड्रलमध्ये एक आणि 'क्रिस्तपुराणा'त दुसरेच आहे.

या भेटीला सलोख्याचे रूप देणे मात्र अनैतिहासिक ठरेल. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले होते आणि सासष्टीतील देवळे पाडली गेली होती. ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली, त्यांच्यासाठी हे नवे पुराण रचले गेले. ओवीचे देशीपण या सक्तीला पुसून टाकत नाही. पण या सक्तीमुळे त्या ओवीचे मराठीपणही रद्द होत नाही. दोन्ही विधाने एकत्र पेलण्याची तयारी समीक्षेने दाखवली पाहिजे.

दिल्लीत क्रम उलटा झाला. येथे घाट आधी आला आणि देशी भाषा नंतर. कॅथीड्रल उभे राहिले तेव्हा मिस्साविधीची भाषा लॅटिन होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) स्थानिक भाषांना वाट मोकळी केली आणि त्याच कमानींखाली हिंदी प्रार्थना होऊ लागली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी आशियातील चर्चविषयीच्या 'एक्लेसिया इन एशिया' या दस्तऐवजावर ६ नोव्हेंबर १९९९ रोजी याच वास्तूत स्वाक्षरी केली. आशियात जन्मलेला येशू आशियाई लोकांना पाश्चात्त्य वाटतो, या विरोधाभासाची नोंद त्या दस्तऐवजात आहे. ती नोंद इटालियन वळणाच्या छताखाली अधिकृत व्हावी, यातच या वास्तूचा प्रश्न सामावलेला आहे.

घाट निष्क्रिय असतो, असे येथे सुचवायचे नाही. वेदीकडे नेणारे लांबट दालन उपासकांच्या हालचालींना वळण देते, जसे ओवी निवेदनाला देते. परंतु घाटाचा अर्थ त्याच्या उगमापाशी कायमचा ठरून जात नाही. वापरणाऱ्यांच्या भाषेत तो पुनःपुन्हा घडतो. १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाच्या चर्चेत उगमाचा प्रश्न पुष्कळ हाताळला गेला; वापराचा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. त्याचा परिणाम वाङ्मयेतिहासात दिसतो. 'क्रिस्तपुराण' बहुधा 'ख्रिस्ती वाङ्मय' या वेगळ्या प्रकरणात बसवले जाते आणि ओवीच्या मुख्य इतिहासात त्याची दखल ओझरती राहते. अशा मांडणीतून ग्रंथाबरोबर त्याचा वाचकही परका ठरतो, ही गोष्ट केवळ वर्गीकरणाची राहत नाही.

'कॅथीड्रल' या शब्दाच्या मुळाशी 'आसन' हा अर्थ आहे. बिशपचे आसन जेथे, ते कॅथीड्रल; मग त्याचा आकार कोणताही असो. म्हणजे ही संज्ञाच घाटावरून नव्हे, तर तेथे काय घडते यावरून ठरते. साहित्यकृतीचे देशीपण ठरवतानाही हा निकष वापरून पाहण्यासारखा आहे.