हफसाहेबांचे आकडे

दिवाळीच्या फराळाबरोबर आकड्यांवरचे पुस्तक पुढे ठेवणे कोणास विचित्र वाटेल. पण डॅरेल हफ यांचे ‘हाउ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स’ मुळीच रुक्ष नाही. ते १९५४ साली अमेरिकेत निघाले. लेखक गणिती नव्हे, पत्रकार; जोडीला अर्व्हिंग गाइस यांची व्यंगचित्रे. लाखो प्रती खपल्या, यात नवल नाही.

येल विद्यापीठातून १९२४ साली बाहेर पडलेला सरासरी पदवीधर वर्षाला २५,१११ डॉलर मिळवतो, ही बातमी हफ प्रारंभीच हाती घेतात आणि कांदा सोलावा तशी सोलतात. पत्ता कोणाकोणाचा सापडला? उत्तर कोणी धाडले? मिळकत खरी कोणी सांगितली? आणि सरासरी म्हणजे तरी काय! नऊ जण महिना १०,००० रुपये मिळवतात, दहावा १०,००,०००. सरासरी निघते १,०९,०००, आणि तेवढे मिळवणारा त्या दहांत एकही नाही. शंभर टक्के निकालाचा फलक दिसला की नववीत किती मुले अडवली, हे मला आधी विचारावेसे वाटते. ही खोड मास्तरकीची खरी. पण हफ ती वाचकालाही लावतात.

येथवर मी त्यांचा भक्त. पुढची हकीकत कडू आहे.

१९६४ साली धूम्रपानाविरुद्ध अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा अहवाल निघाला, आणि १९६५ मध्ये हेच हफ काँग्रेसच्या समितीपुढे सिगारेटवाल्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. करकोचे आणि बाळांचे जन्म यांचा जुना दाखला त्यांनी दिला: दोन गोष्टी जोडीने वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. दाखला चोख, पण येथे लागू नाही. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष आणि इतर आजारांचे, वयाने जुळणारे तितकेच पुरुष ताडून पाहिले होते. धूम्रपान न करणारे पहिल्यांत २, दुसऱ्यांत २७. मग १९५१ पासून सुमारे ४०,००० ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आधी टिपून त्यांनी मृत्यूंची नोंद ठेवली. सिगारेटी जितक्या जास्त, तितके हे मरण जास्त. करकोच्यांची अशी परीक्षा कोणी घेतली होती काय?

तंबाखूवाल्यांच्या पैशावर हफ सिगारेटच्या आकड्यांवरही पुस्तक लिहीत होते. ते कधी छापले गेले नाही. सांगणाऱ्याचा स्वार्थ तपासा, असे शिकवणाऱ्याने हे करावे!

मला उणीव मूळ पुस्तकातच दिसते. फसवा आकडा पकडण्याच्या युक्त्या त्यात मुबलक. भरवशाचा आकडा किती माणसांच्या किती वर्षांच्या चिकाटीने तयार होतो, याला जागा फार थोडी.

मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे, पण त्या साक्षीची गोष्ट सांगून. आणि चहाच्या वेळी २ आणि २७ हे आकडे पुढे ठेवून, त्यांत काय गाळले असेल ते त्यांनाच शोधायला लावावे.